पाच पकडींचा सेट आणि माझी पिशवी

मागच्या महिन्यात भाचा घरी आला तो खोकं काखेत मारूनच. पोरगा आयटीआय इलेक्ट्रिशियन पास झालाय आणि दोन महिन्यांपासून माझ्याबरोबर कामाला येतोय. हातात पहिले पैसे पडल्या पडल्या त्यानं ऑनलाइन पाच पकडींचा सेट मागवला. "मामा, आठशेत पाच! तुमच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत एवढ्यात दोन येतात." लाल-काळ्या मुठी, फोमच्या खाचांत एकेक बसवलेली, वर पारदर्शक झाकण. बघायला अगदी दागिन्यांचा डबा.

मी सव्वीस वर्षं पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला वायरिंग आणि पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती करतो. कामाच्या पिशवीत सात पकडी असतात आणि त्यातली एकही सेटमधून आलेली नाही. तरी म्हटलं, पोराचा हिरमोड नको, आधी तपासून बघू. चहा गाळून होईपर्यंत तपासणी झाली, कारण तिला लागतं किती? एक ट्यूबलाइट आणि एक जुनं बिल.

पहिली पक्कड मिटली आणि ट्यूबसमोर धरली. कापायच्या दोन्ही धारा एकमेकींना भिडल्या असतील तर मधून उजेड येत नाही. इथं धारांच्या मधोमध पांढरी रेघ दिसत होती. मग बिलाचा कागद घेतला. चांगली धार एकपदरी कागद सुरीसारखा कापते. हिनं तो चावला, दुमडला आणि सोडून दिला. जी कागद कापत नाही ती वायरचे बारीक धागेही कापत नाही, दोन-चार मागे ठेवतेच. मग मुठी हातात धरून आडव्या हलवल्या, तर सांध्यात खडखड. नव्या पकडीचा सांधा थोडा घट्ट असला तर हरकत नाही, तेलाच्या थेंबानं आणि वापरानं तो मोकळा होतो. सुट्टा सांधा मात्र पुन्हा घट्ट होत नाही.

दुसरी लांब चोचीची. तिची दोन टोकं मिटल्यावर एकमेकांवर यायच्या ऐवजी शेजारी शेजारी येत होती, भांडण झालेल्या जावांसारखी. तिसरी तसलीच, फक्त चोच वाकडी. चौथी वॉटरपंप पक्कड, जोर दिला की खाचेतून सटकन घसरायची. पाचवा साइड कटर. तो मात्र खरंच बरा निघाला, कागद कापला, केबल टाय कापला, उजेडही कुठून येत नव्हता. पाचातला एक. भाच्याला म्हटलं, "आठशेचा कटर महाग पडला रे तुला."

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव कळून उपयोग नाही, कारण असल्या खोक्यांवर दर दोन महिन्यांनी नवं नाव असतं. तक्रारीचं कारणही वेगळंच आहे. सेट विकत घेणारा माणूस पक्कड निवडतच नाही, तो खोकं निवडतो. पक्कड कशी घ्यायची, तर काम अडलं की त्या कामापुरती एक. माझ्या सातही तशाच आल्या, प्रत्येकीच्या मागं एखादं नुकसान किंवा कुणाचं तरी बोलणं खाल्लेलं आहे. ते इथं सांगतो, म्हणजे तुमचं तरी वाचेल.

पहिली, आठ इंची कॉम्बिनेशन. नुसतं "पक्कड" म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर येते ती हीच. माझी टपारियाची आहे, १९९९ साली घेतलेली, अजून पिशवीत आहे. या कंपनीचा कारखाना आपल्या नाशिकचा, सातपूर एमआयडीसीतला. स्वीडनच्या बाहको कंपनीचं तंत्र घेऊन १९६९ साली त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. त्याच गुणवत्तेच्या दुसऱ्या पकडी देशात मिळत नाहीत असं माझं म्हणणं नाही, पण तीनशे-साडेतीनशेच्या आसपास डोळे मिटून घ्यावी अशी हीच. आणि "डोळे मिटून" म्हणजे तरीही ट्यूबसमोर धरून. एका खोक्यातल्या दहा सारख्या निघत नाहीत, दुकानदाराला सांगून तीन काढायला लावायच्या आणि त्यातली एक घ्यायची. ओळखीचा शेठ कुरकुरतो, पण काढून देतो.

माझ्या या पकडीच्या धारेत एक भोक आहे. गोल, काळ्या काठाचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. ते कसं पडलं ते सांगतो. कामाला लागून चार महिने झाले होते, नऱ्ह्यात एका बंगल्यात जुनी वायर काढत होतो. वस्ताद वरच्या मजल्यावर. मी विचारलं, मेन बंद आहे का, खालून कुणीतरी हो म्हणालं. कोण म्हणालं, कुठला मेन म्हणालं, काही बघितलं नाही. दोन वायरी एकत्र असलेली चपटी केबल पकडीत धरली आणि एका दाबात दोन्ही कापल्या. फेज आणि न्यूट्रल पकडीच्या पात्यानं जोडले गेले. ठो असा आवाज, निळा-पांढरा उजेड, आणि मी शिडीवरून उडी मारलेला. हाताला काही झालं नाही. पकडीच्या पोलादाचा तेवढा तुकडा मात्र वितळून उडाला होता.

वस्ताद खाली आले. माझ्याकडे बघितलं, पकडीकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, तुझ्या पकडीला सोलायची खाच झाली." आणि खरंच झाली. त्या भोकात दीड स्क्वेअर एमएमची वायर ठेवून हलकं दाबलं आणि ओढलं की वरचं प्लास्टिक अलगद निघतं, तांब्याला ओरखडा येत नाही. पुण्यातल्या निम्म्या जुन्या वायरमनच्या पकडीत असं भोक सापडेल. ते कसं पडलं हे कुणी आपणहून सांगत नाही.

तेव्हापासून दोन नियम. टेस्टर लावल्याशिवाय पक्कड लावायची नाही आणि केबलमधली एकेक वायर सुटी करून, एका वेळी एकच कापायची, मेन बंद असला तरी. मुठीवरचं जाड कव्हर बघून लोकांना वाटतं आता करंट लागत नाही. ते कव्हर हाताला पकड यावी म्हणून असतं. जिवंत वायरीवर कामाची पक्कड वेगळी येते. तिच्या मुठीवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि शेजारी १००० व्होल्ट असं कोरलेलं असतं. ती खूण नसेल तर ते फक्त रंगीत प्लास्टिक समजा. आणि खूण असलेल्या पकडीचंही कव्हर चिरलं की ती खूण मेली. पावसाळ्यात ओल्या पिशवीत पडून पडून मुठीला बारीक चिरा जातात, त्या बोटानं चाचपून बघा.

कॉम्बिनेशन पकडीत चार हत्यारं असतात आणि बहुतेक जण दोनच वापरतात. टोकाला चपटा भाग, पत्रा-वायर धरायला. त्याच्या मागं दातांची पोकळ गोलाई, ती गोल वस्तूसाठी, म्हणजे रॉड, पाइप, गोल डोक्याचा स्क्रू. त्याच्या मागं धार. आणि सांध्याच्या बाहेरच्या कडेला दोन्ही बाजूंनी एकेक खाच, मुठी उघडल्या की ती समोरासमोर येते. जाड तार त्या खाचेत घालून मुठी दाबायच्या, कडक असली तरी कातरीसारखी कापली जाते. जोराचं गणित सोपं आहे, तार सांध्याच्या जितकी जवळ तितका हाताला त्रास कमी. भाचा तार टोकाशी धरून दोन्ही हातांनी दाबत होता आणि म्हणत होता की पक्कड बोथट आहे.

सहा इंची घ्यावी की आठ? घरात एकच ठेवायची असेल तर आठ. कामाला जाणाऱ्याला दोन्ही लागतात, कारण भिंतीतल्या मॉड्युलर स्विचच्या बॉक्सच्या तोंडात आठ इंची शिरत नाही. शिरली तर उघडत नाही.

या पकडीनं करू नये असं एकच काम आहे आणि ते सगळे करतात, नट फिरवणं. षटकोनी नटाला पक्कड दोनच ठिकाणी चावते. दोनदा सटकली की कोपरे जातात, मग पानाही लागत नाही. पाण्याच्या टाकीचे गोल झालेले नट मी बघतो तेव्हा मला कळतं, या घरात एक पक्कड आहे आणि पाना नाही.

दुसरी, नोज प्लायर. लांब चोच, सहा इंची. ही ताकदीची नाही, नजरेची पक्कड आहे. हिचं खरं काम जुन्या स्क्रूच्या होल्डरवर आणि स्विचवर दिसतं. सोललेल्या तारेचं टोक चोचीत धरून मनगट फिरवलं की छान डोळा होतो. तो डोळा स्क्रूच्या फिरण्याच्या बाजूनं, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळलेला हवा. स्क्रू आवळताना मग तार आत ओढली जाते. उलट वळवला तर प्रत्येक फेऱ्याला बाहेर ढकलली जाते, सैल राहते, तापते आणि सहा महिन्यांनी होल्डर काळा पडल्याची तक्रार येते. अशा किती तक्रारींना मी गेलोय, मोजदाद नाही. होल्डर बदलायला सांगतात. मी होल्डर उघडतो, डोळा उलटा करतो आणि आवळतो.

नोजनं पीळ द्यायचा नाही, तरफेसारखं उचकायचं तर नाहीच नाही. टोकं एकदा बाजूला सरकली की गेली. माझी आता तिसरी चालू आहे, आधीच्या दोन्ही मदतनिसांनी भिंतीतला रावळप्लग उपटायला वापरून घालवल्या. (रावळप्लग आत अर्धा स्क्रू घालून कॉम्बिनेशननं स्क्रू ओढला की निघतो. तुमचं काम होऊन जाईल, माझ्या नोजला हात लावू नका.)

साइड कटरबद्दल लोक फारसा विचार करत नाहीत, कापतो तर कापतो. पण कटरला दोन तोंडं असतात. एका बाजूनं पातं सपाट, दुसऱ्या बाजूनं उतरतं. सपाट बाजू त्या भागाकडे ठेवायची जो राहणार आहे. मीटर बॉक्समध्ये केबल टाय बांधल्यावर शेपूट उलट्या बाजूनं कापलं तर मागं एक तिरकी टोकदार ढलपी उरते. ती दिसत नाही. पुढच्या वेळी त्या बॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालणारा माणूस बाहेर काढतो तेव्हा हातावर लाल रेघा असतात. माझ्या डाव्या हातावर अशा रेघांचा नकाशाच आहे, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच कामाच्या आहेत. कापताना शेपूट तळव्याखाली दाबून धरा, नाहीतर ते उडून डोळ्याकडे येतं.

तांब्याचा कटर तांब्यासाठीच. एकदा एका मदतनिसानं माझ्या नव्या कोऱ्या कटरनं आपल्या मोटारसायकलची क्लचची तार कापली. कापली गेली, तो खूश. पात्यावर चंद्रकोर उमटली, बारीक, नखात अडकेल एवढी. त्या दिवसापासून तो कटर वायर कापताना एक धागा मागं ठेवतो. सायकलचे आरे, स्प्रिंगची तार, पियानो तार असल्या कडक पोलादाला वेगळे कटर येतात, नाहीतर सरळ हॅकसॉ घ्यावा. खिळा कापायला कटर लावणाऱ्याला मी कामावरून काढत नाही, पण त्या दिवशी चहा त्याच्या खर्चानं.

वायर स्ट्रिपर आणि क्रिम्पिंगची पक्कड मी मोजत नाही, त्या नावापुरत्या पकडी आहेत. स्ट्रिपर मात्र घ्या, माझ्यासारखं भोक पाडून घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबून घट्ट (क्रिम्प) करायचं काम साध्या पकडीनं करू नका. वरून चपटं दिसतं, आत तार सुटी असते.

आता वॉटरपंप पक्कड. नावात पंप असला तरी वापर सगळा नळाचा. दहा इंची, जबडे तिरके, सांधा खाचांतून सरकवून तोंड लहानमोठं करता येतं. हिला फिरवायची एक बाजू असते. योग्य बाजूनं फिरवली की जोर वाढेल तसे जबडे आणखी आवळत जातात, नुसत्या एका हातानं काम होतं. उलट्या बाजूनं धरली की ओल्या साबणासारखी निसटते आणि पोर भिंतीवर बोटं आपटून घेतं. हे कुणी शिकवत नाही, बोटंच शिकवतात.

मला ही पक्कड महागात पडली ती वेगळ्याच कारणानं. आनंदनगरमध्ये एका घरी गीझर लावला, शेवटी वहिनी म्हणाल्या, बेसिनचा नळ जरा हलतोय, तेवढा आवळून द्या. नवा चकचकीत क्रोमचा नळ. मी थेट दात लावले. आवळला गेला, हलायचा थांबला, पण चमकत्या पॉलिशवर चार खोल दात उमटले. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त तिथं अंगठा फिरवत उभ्या राहिल्या. गीझरच्या मजुरीतून नळाचे पैसे मीच वजा केले. तेव्हापासून पिशवीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा असतो. नळावर तो गुंडाळायचा, त्यावर पक्कड. रबर घसरत नाही आणि पॉलिशही राहतं. फडकं चालतं, पण फडक्यातून दात कधीकधी आरपार जातात.

याच जातीतली एक भारी पक्कड माझ्याकडे भेट म्हणून आली आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा जर्मनीत असतो, त्याच्या आईच्या घरचं सगळं वायरिंग मी बघतो. गेल्या दिवाळीला त्यानं कनिपेक्सची कोब्रा आणून दिली. ही वुपरटालची कंपनी, १८८२ सालापासून पकडीच बनवतात. हिचा सांधा सरकवायला बटण आहे. वरचा जबडा पाइपवर टेकवायचा, बटण दाबायचं, खालचा जबडा जागेवर सरकवायचा आणि सोडायचा. एकदा धरली की पाइप सोडतच नाही, मुठी दाबल्या नाहीत तरी अंगठ्याच्या वजनावर टिकून राहते. किंमत विचारून मी गप्प बसलो. ती पिशवीत नेत नाही. नेली की दिवसभर कामापेक्षा तिच्यावरच लक्ष राहतं. प्लंबरनं जरूर घ्यावी, वर्षभरात पैसे वसूल होतील. घरगुती नळाला साधी दहा इंची पुरे, ट्यूबच्या तुकड्यासह.

सरक्लिप पक्कड घ्यायला मला बारा वर्षं लागली आणि एक रात्र. धायरीतल्या एका सोसायटीची पाण्याची मोटार आवाज करत होती, बेअरिंग गेलं होतं. मागचा पंखा काढायचा तर शाफ्टवर सरक्लिप, म्हणजे खाचेत बसलेली स्प्रिंगसारखी उघडी कडी. माझ्याकडे नोज होती, स्क्रू ड्रायव्हर होता आणि आत्मविश्वास होता. संध्याकाळचे सात. एका बाजूनं नोज, दुसऱ्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर, किंचित उचकली, आणि टिंग! एवढाच आवाज. क्लिप कुठं गेली ते देवाला माहीत. पंधरा मिनिटं टॉर्च घेऊन मी, वॉचमन आणि दोन पोरं जमिनीवर. टाकी रिकामी, वरून बायका विचारतायत, "दादा, किती वेळ?" नवं बेअरिंग बसलं, पंखा बसला, पण त्याला धरायला क्लिप नाही. दुकानं बंद. त्या रात्री टँकर मागवला सोसायटीनं, आणि मी नजर चुकवून गाडी काढली. सकाळी तळमजल्यावरच्या आजी तुळशीला पाणी घालायला गेल्या तर क्लिप कुंडीत. त्यांनी ती देवाऱ्यात ठेवून दिली होती, पितळेची काहीतरी वस्तू असेल म्हणून. पोलादाची होती, पण असो.

म्हणून सांगतो, दोन प्रकार असतात. शाफ्टच्या बाहेरून बसलेल्या क्लिपला जी लागते तिच्या मुठी दाबल्या की टोकं उघडतात. भोकाच्या आत बसलेल्या क्लिपची उलटी, मुठी दाबल्या की टोकं मिटतात. दुकानात "सरक्लिप पक्कड द्या" एवढंच म्हणू नका, आतली की बाहेरची ते सांगा. टोकं क्लिपच्या छिद्रात पूर्ण बसायला हवीत. आणि डोळ्यांवर चष्मा. क्लिप तुळशीत गेली म्हणून गोष्ट झाली, डोळ्यात गेली असती तर दवाखाना.

ग्रिप पक्कड, म्हणजे लॉक होणारी, हिच्याबद्दल थोडक्यात. मुठीच्या मागचा स्क्रू फिरवून तोंड जुळवायचं, दाबायची, कट्ट आवाज आला की ती धरून बसते आणि तुमचा हात मोकळा. अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहारानं १९२४ मध्ये ही लॉकची युक्ती काढली. लोहारकामात लोखंड धरायला तिसरा हात नसतो ना. माझ्याकडे ती फक्त गोल झालेल्या नटांसाठी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी पकडीनं बिघडवलेल्या. वेल्डरला तिच्याशिवाय चालत नाही. घरात ठेवायची गरज नाही.

सातवी अंबूर, सुतारांची. खिळे उपटायला. तिचं डोकं गोल असतं, खिळा धरून ते लाकडावर टेकवून लोळवलं की खिळा सरळ वर येतो. कॉम्बिनेशननं उपटला तर वाकतो आणि लाकूडही फाटतं. जुन्या, लाकडी बॅटन पट्टी खिळ्यांनी ठोकून केलेल्या वायरिंगची कामं कमी झाली तशी ती पिशवीच्या तळाशी गेली, पण काढवत नाही.

आठवी, नववी आणि दहावी माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत. ती ऑर्डरप्रमाणे नथी करते. मोती आणि तारा रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, पकडीही तिथूनच. चार-साडेचार इंची, मुठींमध्ये स्प्रिंग. एक गोल तोंडाची, दोन्ही चोची सुईसारख्या निमुळत्या. दुसरी चपट्या तोंडाची. तिसरा इवलासा कटर. मी इतकी वर्षं पकडींबरोबर काढली, पण त्या पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा मला त्या खेळण्यातल्या वाटल्या.

एका रात्री तिच्याकडे बघत बसलो होतो. गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस, बावीस नथी द्यायच्या होत्या. वीस गेजची तार गोल पकडीत धरून फिरवायची, त्यावर अठ्ठावीस गेजच्या बारीक तारेनं मोती बांधत जायचं. गोल पकडीच्या चोचीवर तिनं मार्करची एक काळी रेघ मारून ठेवली होती. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "चोच निमुळती आहे, टोकाशी वळवलं तर कडी बारीक होते, मुळाशी वळवलं तर मोठी. रेघेवर वळवली की बावीसच्या बावीस कड्या सारख्या." मी स्विचचे डोळे आयुष्यभर अंदाजानं वळवलेत. दुसऱ्या दिवशी माझ्याही नोजवर रेघ मारली. खरं सांगतो, काम वेगात होतं.

तिच्या पकडींना आत दात नसतात, तोंड गुळगुळीत. सोन्याच्या पॉलिशच्या तारेवर दात उमटले की नथ गेली. नेमकं हेच माहीत नसताना मी एकदा माझी नोज तिला "घे, ही जास्त मजबूत आहे" म्हणून दिली होती. तारेवर आडव्या रेघा. ती नथ तिनं अजून माझ्यासाठी जपून ठेवली आहे, भांडणात काढायला.

तर भाच्याचं काय झालं? पुढच्या रविवारी त्याला घेऊन तपकीर गल्लीत गेलो. पार्किंग शोधण्यात अर्धा तास, पक्कड घेण्यात दहा मिनिटं. आठ इंची कॉम्बिनेशन, सहा इंची नोज, बस्स. कटर सेटमधला आहेच. दुकानदारानं कॉम्बिनेशनच्या तीन काढून ठेवल्या. भाच्यानं एकेक ट्यूबसमोर धरली, खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढून कापून बघितलं, मुठी आडव्या हलवल्या. दुसरी घेतली. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचाच दिसतोय." घरी आल्यावर सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि उघड-मिट करायला त्याच्या हातात दिली, टीव्ही बघता बघता.

भाच्यानं विचारलं, सेटमधल्या उरलेल्या चार परत करायच्या का? मुदत संपली होती. वाकड्या चोचीची माझ्या पुतणीनं शाळेच्या प्रोजेक्टला नेली. वॉटरपंप आणि नोज भंगारच्या डब्यात. कॉम्बिनेशन मात्र आईनं उचलली. आमच्या आईला पक्कड म्हणजे चुलीवरचं पातेलं उतरवायची, सांडशी हा शब्द तिच्या तोंडी नाही, आणि जुनी पक्कड खिळखिळी झाली म्हणून ती महिनाभर नवी आणा म्हणून सांगत होती. धारा मिटत नाहीत, पण पातेल्याच्या काठाला तेवढी फट लागतेच. गॅसच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असते. एका मुठीचं लाल कव्हर वितळून चिकटायला लागलंय.